बातमीआधी पान बोलतं

४ मे १९८२ ला 'द सन' या ब्रिटिश टॅब्लॉइडचं, म्हणजे लहान आकाराच्या, भडक मथळ्यांच्या दैनिकाचं, पहिलं पान एका रात्रीत बदललं गेलं, आणि त्या बदलात नेमकं काय बदललं हा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांची लढाई सुरू होती. 'कॉन्करर' या ब्रिटिश पाणबुडीने २ मेला अर्जेंटिनाच्या 'हेनेराल बेल्ग्रानो' या युद्धनौकेवर टॉर्पेडो सोडले होते. पहिल्या आवृत्तीचं पान लावलं जात होतं तेव्हा जहाजावरची किती माणसं गेली याचा नीट पत्ता नव्हता. मथळा पडला 'गॉचा', म्हणजे 'धरलं की नाही!'. रात्र चढत गेली, मोठ्या जीवितहानीची चिन्हं दिसू लागली, तेव्हा संपादक केल्विन मॅकेन्झी यांनी तो मथळा काढला आणि पुढच्या आवृत्त्यांवर आलं, 'डिड १,२०० आर्जीज ड्राउन?' बाराशे आर्जी, म्हणजे अर्जेंटिनावाले, बुडाले का? हा किस्सा सांगणारे बहुतेक जण दुसऱ्या मथळ्याकडे सावरून घेणं म्हणून बघतात. मला तो दुसराच जास्त बोचतो. जहाजावर माणसं होती अकराशेच्या आसपास, गेली ३२३. म्हणजे आकडा जहाजावरच्या माणसांपेक्षाही मोठा, आणि तो शेवटच्या प्रश्नचिन्हाने सांभाळून घेतलेला. 'आर्जी' हे हिणवणारं नावही जागेवरच. सूर तेवढा खाली आला. कोण आपलं आणि कोण परकं याची वाटणी जशीच्या तशी राहिली. आणि गंमत अशी की लोकांच्या लक्षात राहिलं ते काढून टाकलेलं पान.

'गॉचा' हा शब्द रोमन लिपीत सहा अक्षरांचा आहे. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण टॅब्लॉइडच्या पानाचं सगळं राजकारण एका साध्या हिशेबापासून सुरू होतं. हे पान साधारण २८० मिलिमीटर रुंद आणि ४३० मिलिमीटर उंच असतं; छापखान्यागणिक थोडं इकडेतिकडे. समास सोडले की छपाईला रुंदी उरते २६५ मिलिमीटरच्या आसपास. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. अरुंद घडणीच्या जाड टाइपात कॅपिटल अक्षराची रुंदी टाइपाच्या मापाच्या ४२ टक्के धरली, तर १४४ पॉइंटला एका ओळीत बारा अक्षरं बसतात, २०० पॉइंटला आठ-नऊ, आणि ३०० पॉइंटला बरोबर सहा. एम आणि डब्ल्यू जास्त जागा खातात, आय थोडी परत देतो, पण हिशेब फारसा हलत नाही. सगळी अक्षरं कॅपिटल ठेवण्यामागेही हाच व्यवहार आहे. कॅपिटल अक्षरांना ओळीखाली लोंबणारी शेपटी नसते, त्यामुळे दोन ओळी एकमेकींना जवळजवळ चिकटवता येतात आणि तेवढ्याच उंचीत आणखी मोठा टाइप बसतो. तोटा असा की असा मजकूर चार-पाच शब्दांपलीकडे वाचवत नाही. सगळे शब्द सारख्याच उंचीचे ठोकळे होतात. म्हणून मथळा सहसा चार-पाच शब्दांपलीकडे जात नाही.

आता या रुंदीत काय बसत नाही ते बघा. 'इन्व्हेस्टिगेशन' हा शब्द तेरा अक्षरांचा, 'प्रोब' पाचांचा. मतभेदासाठी 'डिसअग्रीमेंट' लिहायचं तर बारा अक्षरं लागतात, 'रो' तिनात भागतं. टीका केली यासाठी 'क्रिटिसाइजेस'ला दहा, 'स्लॅम्स'ला पाच. दरवेळी लांब शब्द थंड असतो आणि आखूड शब्द तापट. चौकशीचा ससेमिरा होतो, मतभेदाचं भांडण होतं, टीकेचा हल्ला होतो. हे करायला कुणी दुष्ट माणूस लागत नाही. पानाची रुंदी आणि टाइपाचं माप ठरलं की भाषेचा पारा आपोआप चढतो. या हिशेबात सर्वांत आधी बळी जातो तो 'अलेज्ड'. 'कथित' हे सांगणारा हा सात अक्षरी शब्द २०० पॉइंटच्या ओळीतली जवळजवळ सगळी जागा एकटाच खाईल. मग त्याच्या जागी येतात दोन एकेरी अवतरणचिन्हं. वकिलाच्या दृष्टीने ती चिन्हं म्हणजे 'हे आमचं म्हणणं नाही, कुणाचं तरी आहे'. दुकानाबाहेरच्या स्टँडवर लावलेल्या अंकाकडे चालता चालता बघणाऱ्याच्या दृष्टीने ती नसल्यातच जमा.

दुसरी युक्ती आहे अपूर्णविरामाची. ३० ऑक्टोबर १९७५ ला न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'ने मथळा दिला, 'फोर्ड टू सिटी: ड्रॉप डेड'. शहर दिवाळखोरीच्या दारात उभं होतं, आणि केंद्राने त्याला वाचवायचा कुठलाही कायदा आला तर मी तो नाकारीन असं अध्यक्ष फोर्ड आदल्या दिवशी म्हणाले होते. 'मरा जाऊन' असं ते कधीच म्हणाले नव्हते. पण आधी नाव, मग दोन ठिपके, मग वाक्य, ही मांडणी नाटकाच्या संवादासारखी वाचली जाते. डोळा त्या वाक्याला उच्चार समजतो. उपसंपादक म्हणेल, हा भाषणाचा मथितार्थ आहे. खरंही आहे. अवतरणचिन्ह एकही नाही. तरी फोर्ड यांच्या नावाला हे दोन शब्द कायमचे चिकटले. बरं, ज्या बातमीदाराने भाषण ऐकलं त्याचा यात हात असतोच असं नाही. बहुतेक दैनिकांत बातमीदार आपला मथळा लिहीत नाही. आधी पानाचा आराखडा ठरतो: फोटो केवढा, मथळा किती ओळींचा, कोणत्या मापाचा. मग त्या आखलेल्या जागेत बसतील अशी अक्षरं उपसंपादक शोधतो. बातमीचं अंगण आधी आखलेलं असतं, बातमी नंतर त्यात उतरते. पहिल्या पानावर मूळ मजकुराला जागा मिळते शंभर-दीडशे शब्दांची, कधी त्याहूनही कमी, आणि शेवटी 'सविस्तर पान ४ व ५'.

त्या ४ व ५ पर्यंत कोण जातं, हा खरा प्रश्न.

फोटोच्या बाबतीत कागद स्वतःच एक खेळाडू आहे. वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला ४५ ग्रॅमच्या आसपासचा, पातळ आणि शाई पिणारा. फोटोतले ठिपके त्यावर पसरतात. वर्तमानपत्री छपाईच्या आंतरराष्ट्रीय मानकात हा पसारा मध्यम छटेला २६ टक्के गृहीत धरलेला आहे, म्हणजे ५० टक्क्यांचा ठिपका कागदावर ७६ टक्क्यांचा दिसतो. चेहऱ्याच्या बहुतेक छटा नेमक्या याच मधल्या पट्ट्यात असतात. म्हणून पान छापायला जाण्याआधी चेहऱ्यांच्या मधल्या छटा उजळून घ्याव्या लागतात, नाहीतर गाल चिखलासारखे आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. इथेच गोम आहे. एखाद्याचा चेहरा भेसूर दाखवायचा तर त्यावर काहीच करावं लागत नाही. जे रोजच्या रोज सगळ्यांसाठी करतात ते त्याच्यापुरतं केलं नाही की पुरे. उलट पांढरी अक्षरं काळ्या पट्टीवर काढायची तर बारीक टोकांचा टाइप वापरता येत नाही, शाई आत सरकून टोकं बुजतात. म्हणून तिथे जाड, बिनटोकाचा टाइप येतो. म्हणजे जो ठोसा आपल्याला किंचाळल्यासारखा वाटतो त्याचं निम्मं कारण छपाईतलं आहे. टॅब्लॉइडवर सगळं कारस्थान म्हणून टीका करणाऱ्यांना हा भाग सहसा ठाऊक नसतो. आणि आम्ही फक्त छापतो म्हणणाऱ्यांना तो सोयीपुरताच आठवतो.

फोटो निवडणं ही मात्र पूर्ण माणसाची करामत. 'डेली न्यूज'ने १३ जानेवारी १९२८ ला रूथ स्नायडर या बाईला विजेच्या खुर्चीत देहदंड देतानाचा फोटो पहिल्या पानभर छापला, वर एकच शब्द, 'डेड!'. टॉम हॉवर्ड या छायाचित्रकाराने घोट्याला बांधलेल्या छोट्या कॅमेऱ्याने तो चोरून काढला होता. फोटो हललेला, धूसर आहे, आणि तो हललेपणाच त्याचा पुरावा ठरला. स्वच्छ फोटो कुणालाही मिळतो, अस्पष्ट फोटो धोका पत्करून मिळवलेला असणार, असं वाचणाऱ्याला वाटतं. आजही लांबून, झाडाआडून घेतलेला दाणेदार फोटो मोठा करून छापतात तेव्हा त्याच भावनेवर हात ठेवतात: तुम्ही पाहू नये असं काहीतरी आम्ही तुम्हाला दाखवतोय. कापणीचेही असेच संकेत आहेत. चेहरा कपाळ आणि हनुवटी छाटून चौकटभर भरला की माणूस अंगावर येतो. खांद्यांपासून वर, मागे थोडी हवा ठेवून दाखवला की तो कुणाचा तरी शेजारी दिसतो. नजर मथळ्याकडे वळलेली असेल तर वाचणाराही तिकडे वळतो, म्हणून काही वेळा फोटो आरशासारखा उलटवण्याचा मोह होतो. तसं केलं तर शर्टाची बटणं, भांग, घड्याळाचा हात उलटे होतात आणि ओळखीच्या लोकांच्या ते पटकन लक्षात येतं.

ब्रिस्टलमध्ये २०१० च्या डिसेंबरात एका तरुणीचा खून झाला आणि पोलिसांनी तिच्या घरमालकाला, एका निवृत्त शिक्षकाला, चौकशीसाठी अटक केली. त्यापुढचे दोन-तीन दिवस पहिल्या पानांवर त्याचे पिंजारलेले केस होते. विचित्र, छांदिष्ट, विद्यार्थ्यांना न आवडणारा, असे शब्द केसांभोवती पेरलेले. खुनी आहे असं कुणीच लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. त्या केसांना जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. खुनी दुसराच निघाला. जुलै २०११ मध्ये न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल 'डेली मिरर'ला ५०,००० पौंड आणि 'द सन'ला १८,००० पौंड दंड झाला, आणि एकूण आठ वर्तमानपत्रांनी त्या शिक्षकाला बदनामीची भरपाई दिली. या प्रकरणात कायदा पोचला, कारण तिथे अटक झालेला एक ठरावीक माणूस होता. जिथे एक माणूस नसतो तिथे काय होतं त्याकडे पुढे येतो.

त्याआधी १९ एप्रिल १९८९ चं 'द सन'चं पान. हिल्सबरो या फुटबॉलच्या मैदानावर लिव्हरपूलचे प्रेक्षक ज्या चेंगराचेंगरीत गेले तिला तेव्हा चार दिवस झाले होते. मथळा दोनच शब्दांचा, 'द ट्रुथ'. खाली तीन ओळी, प्रत्येकीची सुरुवात 'सम फॅन्स'ने: काही प्रेक्षकांनी मृतांचे खिसे कापले, काहींनी पोलिसांवर लघवी केली, काहींनी तोंडाने श्वास देणाऱ्या शिपायाला मारलं. हे आरोप त्या दिवसांत इतर वर्तमानपत्रांनीही छापले होते, पण मथळ्यातच 'पोलिसांचा आरोप' अशा थाटात. मजकुराचा उगम तोच होता. फरक मथळ्याच्या दोन शब्दांनी पाडला: त्यांनी आरोप करणाऱ्याला पानावरून पुसून टाकलं. बारकाईने पाहिलं तर तीन ओळींतला 'सम' हा शब्द एक प्रकारची सावधगिरीच आहे. सगळे नव्हे, काही. पण तीन ओळी एकाखाली एक, एकाच शब्दाने सुरू झाल्या की ती पुनरुक्ती हातोड्यासारखी पडते आणि 'काही'चं 'हे असले सगळे' होतं. न्यायमूर्ती टेलर यांच्या ऑगस्ट १९८९ च्या अंतरिम अहवालाने पोलिसांचं नियंत्रण सुटणं हे दुर्घटनेचं मुख्य कारण ठरवलं. 'द सन'ने 'द रिअल ट्रुथ' अशा मथळ्याने पहिल्या पानावर माफी मागितली ती १३ सप्टेंबर २०१२ ला, स्वतंत्र समितीचा अहवाल आल्याच्या दुसऱ्या दिवशी. तेवीस वर्षांनी. माफीच्या मथळ्यातही तोच शब्द वापरावासा वाटला, यातली निबरता मला आजही थक्क करते. लिव्हरपूलमध्ये त्या दैनिकावरचा बहिष्कार त्यानंतरही संपला नाही.

ब्रिटनमध्ये या सगळ्यावर नजर ठेवायला २०१४ पासून 'इप्सो' ही संस्था आहे. तिच्या संहितेचं पहिलंच कलम अचूकतेचं, आणि मजकुराचा आधार नसलेला मथळा हाही त्याचा भंग असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. हे कलम कसं चालतं ते ९ मार्च २०१६ च्या 'क्वीन बॅक्स ब्रेक्झिट' या 'सन'च्या मथळ्यावरून कळतं. तीन शब्द, पानभर. राजवाड्याने तक्रार केली. दैनिकाचा युक्तिवाद होता की मथळ्यालगत, लहान टाइपात, हा एक दावा असल्याचं म्हटलेलं आहे आणि आत मजकुरात राणीच्या काही वर्षांपूर्वीच्या कथित उद्गारांचा आधार आहे. इप्सोने मे महिन्यात निकाल दिला: मथळा सरळ विधान करतो की राणीने सार्वमतात बाजू घेतली, आणि त्याला मजकुराचा आधार नाही; लहान टाइपातला शब्द त्याला वाचवू शकत नाही. माझ्या मते हा निकाल त्यातल्या तक्रारीपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण त्यात टाइपाच्या मापालाही अर्थ असतो हे कुणीतरी अधिकृतपणे मान्य केलं. शिक्षा म्हणाल तर तो निकाल दुसऱ्या पानावर छापणं आणि पहिल्या पानावर त्याची सूचना देणं. सार्वमत जूनमध्ये झालं.

आता एक माणूस नसतो तेव्हाची गोष्ट. २३ नोव्हेंबर २०१५ ला, पॅरिसच्या हल्ल्यांनंतर दहाच दिवसांनी, 'सन'च्या पहिल्या पानावर होतं, पाचातल्या एका ब्रिटिश मुसलमानाला जिहादींबद्दल सहानुभूती. शेजारी हातात सुरा घेतलेल्या एका कुप्रसिद्ध मारेकऱ्याचा फोटो. पाहणीत प्रश्न विचारला होता तो असा: सीरियातल्या लढवय्यांना सामील व्हायला जाणाऱ्या तरुण मुसलमानांबद्दल तुम्हाला सहानुभूती वाटते का? 'जिहादी' शब्द प्रश्नात नव्हता, कोणत्या लढवय्यांना हेही नव्हतं. 'पुष्कळ सहानुभूती' म्हणणारे होते ५ टक्क्यांच्या आसपास. त्यांत 'थोडीशी' म्हणणारे मिळवले तेव्हा पाचात एक झाला. शिवाय चुकीच्या वाटेला लागलेल्या पोराबद्दल वाटणारी कीव आणि त्याच्या कामाला पाठिंबा या दोन्हीला इंग्रजीत एकच शब्द पुरतो. इप्सोने मार्च २०१६ मध्ये हे छापणं मोठ्या प्रमाणात दिशाभूल करणारं ठरवलं, पण अचूकतेच्या कलमाखाली. संहितेचं भेदभावाबद्दलचं १२ वं कलम इथे कामाला येत नाही, कारण ते एखाद्या व्यक्तीबद्दलच्या अपमानकारक उल्लेखापुरतं आहे. समूहाबद्दल काहीही म्हटलं तरी ते लागू होत नाही. आकडा चुकला तर पकडता येतो. आकड्याशेजारी सुरा ठेवला, त्याचं काय करायचं? प्रश्न विचारला गेला एका गोष्टीबद्दल, फोटोने तो दुसऱ्याच गोष्टीबद्दलचा केला, आणि या दोघांना जोडणारं वाक्य पानावर कुठेच नाही. ते वाक्य वाचणाऱ्याने स्वतःच्या मनात तयार करायचं असतं, आणि मनात स्वतः तयार केलेल्या वाक्यावर माणूस सहसा शंका घेत नाही.

शेजार ही गोष्ट पान लावणाऱ्यांना इतकी पक्की ठाऊक असते की विमान कोसळल्याची बातमी आली की आधी विमान कंपन्यांच्या जाहिराती त्या पानावरून हलवतात. मग बातम्यांच्या शेजाराचे परिणाम आमच्या लक्षात आले नाहीत असं म्हणायला जागा कुठे उरते?

या शेजाराचा एक खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत, गेला होता. १९९२ मध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ने एका लोकप्रिय मालिकेत नवरा-बायकोची कामं करणाऱ्या दोन नटांचे चेहरे अश्लील फोटोंतल्या देहांवर चिकटवलेले छापले, वर डोळा मारणारा मथळा. खाली मजकुरात लिहिलेलं होतं की ही एका संगणकीय खेळाची करामत आहे आणि बिचारे नट त्याचे बळी आहेत. म्हणजे ज्या फोटोबद्दल हळहळ व्यक्त करायची तोच फोटो पानभर विकायचा. टॅब्लॉइडचा हा जुनाच धंदा. नटांच्या वकिलांनी म्हटलं, पुष्कळ लोक मथळा आणि फोटोच बघतात, पुढे वाचत नाहीत. १९९५ मध्ये लॉर्ड्सनी दावा फेटाळला. बदनामीच्या कायद्यात सामान्य वाचक एकच असतो, आणि तो सबंध मजकूर वाचतो असं धरायचं. मथळ्याने केलेली जखम मजकुराने भरून येत असेल तर बदनामी होत नाही. खंडपीठातल्या लॉर्ड निकल्सनी इशाराही दिला की खुलासा खूप खाली किंवा पुढच्या पानावर पुरून ठेवणारे आगीशी खेळत आहेत. पण तत्त्व कायम राहिलं. मला हा निकाल कायद्याच्या दृष्टीने समजतो. प्रत्येक वाचणाऱ्यासाठी वेगळा अर्थ धरायचा म्हटलं तर खटले चालायचेच नाहीत. पण न्यायालयाने गृहीत धरलेला हा धीराचा वाचक, जो शेवटच्या परिच्छेदापर्यंत जातो, तो लक्षात ठेवून टॅब्लॉइडचं एकही पान लावलेलं नसतं. कायदा वाक्यं वाचतो, पान बघितलं जातं. या दोहोंमधली फट किती रुंद आहे हे पान लावणाऱ्याला नेमकं माहीत असतं.

बरं, शेवटपर्यंत वाचणाराही पूर्ण सुटतो असं नाही. मानसशास्त्रज्ञ उलरिख एकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना बातमी पूर्ण वाचायला दिली होती, फक्त मथळा थोडा कलता होता. मजकुरात बरोबर माहिती असूनही मथळ्याचा कल त्यांच्या आठवणीत आणि अनुमानांत शिल्लक राहिला. मथळा सांगतो की पुढचं कोणत्या चष्म्यातून वाचायचं. चष्मा एकदा चढला की खुलासाही त्यातूनच दिसतो. शिवाय अनेकदा तो खुलासा येतोच उशिरा: चौदाव्या-पंधराव्या परिच्छेदात, 'तथापि, प्रवक्त्याने आरोप फेटाळले'.

एवढं सगळं माहीत असूनही या पानांचं कसब मान्य करावंच लागतं. ९ एप्रिल १९९२ ला, मतदानाच्या दिवशी, 'सन'ने मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांचं डोकं विजेच्या दिव्यात बसवलं आणि लिहिलं की आज हे जिंकले तर देश सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने कृपा करून दिवे मालवावेत. अन्याय्य आहे, आणि विनोद म्हणून नेमका आहे. धोरणावर अक्षरही नाही, म्हणून खोडून काढायलाही काही नाही. आवडत्यांना पहिल्या नावाने किंवा लाडाच्या नावाने हाक मारायची, नावडत्यांना आडनावाने, हाही त्याच घरचा रिवाज; मार्गारेट थॅचर या पानांवर 'मॅगी' असत. सैनिक 'अवर लॅड्स'. त्या 'अवर'मध्ये वाचणाऱ्याला न विचारता सामील करून घेतलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर सामील व्हायला बरंही वाटतं. भारदस्त वर्तमानपत्रांनी याकडे नाक मुरडत बघितलं, पण २००३ मध्ये 'इंडिपेंडंट', २००४ मध्ये 'टाइम्स' आणि २०१८ मध्ये 'गार्डियन' याच आकारावर आले, आणि येताना मोठा एकच फोटो, एकच मथळा ही सवयही थोडी घेऊन आले. उलट जर्मनीचं 'बिल्ड' १९५२ पासून कित्येक दशकं मोठ्या आकारात निघालं आणि स्वभावाने मात्र पक्कं टॅब्लॉइड. आकार मदत करतो. वळण कुणी द्यायचं ते आधीच ठरलेलं असतं.

हेच कसब न्यायासाठी वापरलं गेलं त्याचं उदाहरण समोर आलं की माझी पंचाईत होते. १४ फेब्रुवारी १९९७ ला 'डेली मेल'ने पहिल्या पानावर पाच तरुणांचे चेहरे ओळीने छापले, नावांसकट, आणि वर एकच शब्द, 'मर्डरर्स'. स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाचा १९९३ मध्ये झालेला खून तोवर कुणावरही शाबीत झाला नव्हता. खाली ओळ होती की हे दैनिक या पाच जणांवर खुनाचा आरोप करत आहे, चूक असेल तर त्यांनी आमच्यावर खटला भरावा. कुणीही भरला नाही. त्या पानाला पत्रकारितेतलं धाडस म्हणतात आणि ते होतंही. प्रकरण पुन्हा उभं राहण्यात त्याचा वाटा होता, आणि जानेवारी २०१२ मध्ये पाचांतल्या दोघांना शिक्षा झाली. पण मांडणी म्हणून बघितलं तर ते पान काय आहे? ओळीने लावलेले चेहरे, त्यांच्यावर ठोकलेलं लेबल, आणि न्यायालयाच्या आधी पानाने दिलेला निकाल.

४ नोव्हेंबर २०१६ ला त्याच दैनिकाने पुन्हा चेहरे ओळीने लावले. या वेळी तीन, केसांचे पांढरे टोप घातलेले उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, आणि वर 'एनिमीज ऑफ द पीपल'. त्यांनी निकाल दिला होता की युरोपीय संघातून बाहेर पडायची प्रक्रिया संसदेच्या संमतीशिवाय सुरू करता येणार नाही. निकाल काय आहे हे मजकुरात होतं. चेहऱ्यांची ती रांग मात्र कायद्याच्या मुद्द्याबद्दल काहीच बोलत नव्हती. ती आरोपींची रांग होती, १९९७ च्या त्याच घडणीची, आणि टोपामुळे तिघेही वेगळ्याच काळातले, सामान्य माणसापासून दूरचे दिसत होते. सरकार अपिलात गेलं. २४ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ३ मतांनी तोच निकाल कायम ठेवला. दुसऱ्या दिवशी 'मेल'ला तीन नवे न्यायाधीश सापडले, सरकारच्या बाजूने मत देणारे. त्यांच्यासाठी शब्द होते, 'चॅम्पियन्स ऑफ द पीपल'.